साहित्याची यादी करण्याआधी मुलांचे हात बघा: विशेष मुलांच्या कलेच्या तासासाठी सामानाची जुळवाजुळव

विशेष मुलांच्या वर्गासाठी कुणी मदत पाठवली की खोक्यात बहुतेक ठरलेल्या वस्तू निघतात: बारीक टोकाची स्केचपेनं, चित्रं रंगवायची पुस्तकं, चमकी आणि लहान मुलांच्या कात्र्या. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण स्केचपेनाचं टोपण काढायला दोन्ही हातांची ताकद लागते. रंगवायच्या पुस्तकात रेषेच्या आत राहावं लागतं. लहान कात्री म्हणजे प्रौढांच्या कात्रीची छोटी आवृत्ती, ती प्रत्येक कापानंतर बोटांनी उघडावी लागते. वर्गात चित्र काढायची इच्छा भरपूर आणि कपाटही भरलेलं, तरी तास मदतनिसाच्या हातानेच पार पडतो.

म्हणून यादी रंगांपासून सुरू करू नका, मुलांच्या हातांपासून करा. एकदा ते पाहून झालं की कमी पैशात काय घ्यायचं, फुकट काय मिळवायचं आणि कशाला नम्रपणे नको म्हणायचं, हे बरंच सोपं होतं.

आधी एक आठवडा नुसतं पाहायचं

प्रत्येक मुलासाठी अर्धं पान पुरे. निदान लिहायची गरज नाही, ते फाइलमध्ये असतंच. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या दोन मुलांचे हात एकमेकांसारखे मुळीच नसतात. लिहायचं ते असं: वस्तू बोटांनी धरतो की मुठीने? दाब पडतो का? कागद दुसऱ्या हाताने धरून ठेवता येतो का? वस्तू तोंडात जाते का? ओलं, चिकट लागलं की हात मागे घेते की अजून मागते? कोणत्या बाजूचं तिला नीट दिसतं? बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का? हा शेवटचा प्रश्न कलेशी संबंध नसलेला वाटेल, पण पाय लोंबकळत असतील तर शरीराची अर्धी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हाताला काही उरत नाही. पायांखाली जुन्या वह्यांचा घट्ट बांधलेला गठ्ठा ठेवला तरी फरक दिसतो.

व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, शाळेत येत असतील तर हे पान त्यांना दाखवा. येत नसतील तर पालकांना विचारा, घरी मूल चमचा कसं धरतं. चमच्याची पकड कळली की ब्रशाची पकड जवळपास कळलीच.

एक उदाहरण घेऊ. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांचे स्नायू सैल असतात आणि सांधे जास्त वाकतात. असं मूल साधा मेणखडू कागदावर फिरवतं तेव्हा रेघ इतकी फिकट उमटते की त्याला स्वतःलाच ती दिसत नाही, आणि दोन मिनिटांत ते खडू टाकून देतं. बघणाऱ्याला वाटतं, याला आवड नाही. त्याच हातात तैलखडू (ऑइल पेस्टल) किंवा मऊ शिशाची ६बी पेन्सिल द्या, कमी दाबात गडद रेघ येते. म्हणजे इथे चोवीस रंगांची पेटी नकोच होती, मऊ खडू हवा होता.

साहित्याच्या इतिहासातही हे दिसतं. आज प्ले-डो म्हणून विकला जाणारा मऊ गोळा मूळचा अमेरिकेत वॉलपेपरवरची काजळी पुसायला वापरायचा लगदा होता. वर्गातली माती लहान मुलांच्या बोटांना घट्ट पडते हे जाणवल्यावर एका बालवाडी शिक्षिकेने तो मुलांच्या हातात दिला, आणि १९५६ मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला. मारिया माँटेसोरींनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह काढलं, त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. त्यांच्या साहित्यातल्या दंडगोलांना वर छोटी मूठ असते. ती तीन बोटांनी उचलताना पेन्सिल धरायच्या पकडीची तयारी आपोआप होते.

कपाट रिकामं करा

नवीन काही मागण्याआधी कपाटातलं सगळं जमिनीवर काढा. वाळलेली स्केचपेनं, दगड झालेली क्ले, टोकं फुटलेले ब्रश बाजूला करा. मात्र तुटलेले मेणखडू टाकू नका. दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा मुठीत मावत नाही, तो बोटांनीच धरावा लागतो, त्यामुळे पकड सुधारायची असेल तेव्हा तो अख्ख्या खडूपेक्षा बरा.

पकड, टेकू आणि कात्री: पैसे इथे घाला

रंग आणि कागद लोक देतात. धरायची, टेकवायची आणि कापायची साधनं सहसा कुणी देत नाही, कारण ती लागतात हेच बाहेरच्यांना माहीत नसतं. हाती असलेल्या पैशाचा मोठा वाटा यावर खर्च करा.

पकड जाड करायला एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी उत्तम. बोटभर तुकडा कापायचा, ब्रशाच्या दांड्यावर आधी कापडी पट्टी गुंडाळून जाडी वाढवायची आणि वर नळी घट्ट बसवायची. बोटं मिटतच नसतील तर तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा आणि त्याला शिवलेला छोटा खिसा, म्हणजे युनिव्हर्सल कफ. त्यात ब्रश, खडू, स्पंजची काडी, काहीही खोचता येतं. रुंद इलॅस्टिक आणि वेल्क्रो दिलं तर कोणताही शिंपी तो शिवून देतो. पट्टा रक्ताभिसरण अडवेल इतका आवळू नका, आणि काढल्यावर त्वचेवर वळ उठलाय का ते बघा. गोल, अंड्याच्या आकाराचे खडू विकत मिळतात. जुन्या खडूंचे तुकडे गोल खळग्यांच्या सिलिकॉनच्या साच्यात वितळवून ते शाळेतही करता येतात, अर्थात मुलं नसताना.

टेकूसाठी जाड कण्याची रिंग फाइल आडवी ठेवा. तिच्या उतारावर, म्हणजे साधारण २० अंशांवर, कागद मास्किंग टेपने चिकटवला की मनगट योग्य कोनात राहतं आणि मान खाली घालावी लागत नाही. फाइलखाली आणि रंगाच्या वाटीखाली कपाटाच्या फळीवर घालतात ती जाळीदार रबरी चटई घाला. ती नसेल तर ओलं करून पिळलेलं फडकं चालतं. एका हाताने काम करणाऱ्या मुलीसाठी हे सोय म्हणून नाही, ही चटई म्हणजेच तिचा दुसरा हात आहे.

कात्र्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथे होते. चार प्रकार लक्षात ठेवा.

- वळ्याची कात्री: दोन पात्यांना जोडणारा लवचीक वळसा असतो. दाबलं की कापते, सोडलं की आपोआप उघडते. बोटं उघडण्याची ताकद नसलेल्या मुलांसाठी.
- चार भोकांची कात्री: मुलाची बोटं दोन भोकांत, तुमची मागच्या दोन भोकांत. हालचाल शिकवताना उपयोगी, पण कायमची सवय लावू नका.
- ठोकळ्यावर बसवलेली कात्री: टेबलावर उभी राहते, वरून तळहाताने किंवा कोपराने दाबायची.
- डावखुऱ्यांची कात्री: पाती उलट बसवलेली असतात, त्यामुळे कापायची रेघ डोळ्यांना दिसते. उजवी कात्री डाव्या हातात दिली तर मूल रेघ न दिसता कापतं आणि आपण त्याला धांदरट ठरवतो.

कापायला सुरुवात पातळ कागदाने करू नका, तो वाकतो आणि पात्यांमध्ये अडकतो. आधी क्लेच्या लांब वळकट्या, मग स्ट्रॉ, मग जाड कार्डाच्या १-२ सेंमी रुंद पट्ट्या, ज्या एकाच दाबात तुटतात. साधा कागद त्यानंतर. म्हणजे यादीत कार्डाच्या पट्ट्या भरपूर हव्यात, आणि त्या फुकट मिळतात. कुठून, ते पुढे येतंच.

रंग, माती, कागद

यादीचा हा भाग लवकर संपतो. पाण्यात विरघळणारे, कपड्यांवरून धुऊन निघणारे रंग घ्या: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. बाकीचे मिसळून होतात. पिवळा आणि पांढरा आधी संपतात, ते दुप्पट मागवा. रंग वारंवार सांडत असेल तर बाटलीऐवजी वडीच्या रूपातला टेम्परा (पाण्याने लावायचा दाट रंग) बघा, ओल्या ब्रशाने घासायचा. सांडायला काही उरतच नाही.

ओलं हाताला लागू न देणाऱ्या मुलांना बोटाने रंगवायची सक्ती करू नका. झिप असलेल्या जाड प्लास्टिकच्या पाउचमध्ये दोन रंगांचे थेंब घाला, हवा काढून बंद करा आणि चारी कडांनी टेबलाला टेप लावा. वरून बोट फिरवलं की आत रंग मिसळतात, हात कोरडा. पुढची पायरी लांब दांड्याचा रोलर, त्यानंतर कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरलेला स्पंज. काही मुलं इथेच थांबतील. थांबू द्या.

दृष्टी कमी असलेल्या मुलांसाठी काळा कार्डशीट आणि त्यावर पिवळा किंवा पांढरा रंग हे सगळ्यात स्वस्त साधन. ट्रेसुद्धा वस्तूच्या विरुद्ध रंगाचा हवा. पूर्ण अंध मुलांसाठी पांढऱ्या डिंकाने काढलेली जाड रेघ रात्रभर वाळू द्या, सकाळी ती बोटाला लागते. शिवणकामातलं दातेरी चाक कागदाच्या मागून मऊ कापडावर फिरवलं तरी उठावाची ठिपक्यांची रेघ मिळते. रंगांच्या बाटल्यांना वेगवेगळी खूण लावा: सँडपेपरचा चौकोन, लोकरीचा वेढा, गुळगुळीत टेप. आणि बाटल्यांचा क्रम कधीही बदलू नका. मेंदूतल्या इजेमुळे दृष्टी अधू असलेल्या मुलांना गर्दीत वस्तू ओळखणं जड जातं. त्यांच्यापुढे काळं कापड अंथरा आणि एका वेळी एकच वस्तू ठेवा.

हात जवळजवळ हलतच नसेल तर? बॅटरीवर फिरणारं एखादं साधं खेळणं घ्या, त्याच्या चकतीवर कागद चिकटवा. बॅटरी आणि तिच्या टोकाच्या मध्ये सरकवायची पातळ तांब्याची चकती मिळते, तिला बॅटरी इंटरप्टर म्हणतात. तिच्या वायरीला मोठ्या बटणाचा स्विच जोडला की मूल डोक्याने किंवा कोपराने दाबून चकती फिरवतं, आणि तुम्ही वरून रंगाचे थेंब सोडता. कोणता रंग, कधी, आणि थांबायचं कधी, हे मूल ठरवतं. चित्र त्याचंच आहे.

सुरक्षितता

साहित्याच्या वेष्टनावर ‘एएसटीएम डी-४२३६’ हे अमेरिकी मानक दिसलं की बरेच जण निश्चिंत होतात. तो शिक्का वस्तू निर्धोक असल्याचा नाही. दीर्घकालीन धोक्यांसाठी वस्तू तपासली आहे आणि धोका असेल तर लेबलवर लिहिला आहे, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून लेबल वाचायचंच. याच पद्धतीत ‘एपी’ हा वेगळा शिक्का असतो, तो बिनविषारी मालासाठी. युरोपीय मानकांत खेळण्यांमधून झिरपणाऱ्या जड धातूंसाठी ईएन ७१-३ आणि बोटांनी लावायच्या रंगांसाठी ईएन ७१-७ आहे. दुसऱ्या मानकात रंगात कडू द्रव्य घालणं बंधनकारक आहे, मुलांनी खाऊ नये म्हणून. काही मुलांना कडू चवीचं काहीच वाटत नाही, हे लक्षात असू द्या.

तोंडात वस्तू घालणारं मूल वर्गात असेल तर त्याचं वय कितीही असो, नियम तान्ह्या मुलांचे लावा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिमी व्यासाच्या नळीची चाचणी असते. जी वस्तू त्या नळीत मावते ती घशात अडकू शकते. टॉयलेट रोलचा रिकामा पुठ्ठा त्याहून थोडा रुंद असतो, म्हणून वर्गातली झटपट चाचणी त्याच्यावर करा: मणी, बटण, टोपण आत गेलं की खोक्यातून बाहेर. लहान लोहचुंबक, गाणं वाजवणाऱ्या भेटकार्डातली बटण बॅटरी आणि पाण्यात फुगणारे मणी वर्गात आणूच नका. गिळलेली बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर २ तासांतसुद्धा गंभीर भाजते. फुगणारे मणी आतड्यात वाढून अडथळा करतात.

घरी मळलेल्या गोळ्याबद्दल लोक फार प्रेमाने सांगतात. मैदा २ भाग, मीठ १ भाग, पाणी जवळपास १ भाग आणि थोडं तेल. स्वस्त आणि मऊ होतो, हे खरं. पण त्यात मीठ प्रचंड असतं, आणि जे मूल तो खाईल त्याच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिएक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असलेल्या मुलांना मैदा चालत नाही. अशी मुलं वर्गात असतील तर हा गोळा कुणालाच नको.

स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी बरीच आढळते. फुगे, काही रबरी हातमोजे, रबरबँड, काही खोडरबरं हे सगळं लॅटेक्स. देणगीतले फुगे रंगाचे ठसे उठवायला छान वाटतात, पण आधी मुलांच्या फाइली बघा. पावडरचे रंग मुलं यायच्या आधी कालवून ठेवा. वाळलेली माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. दमा असलेल्या किंवा श्वासनलिकेत नळी असलेल्या मुलांसाठी ती धूळ घातक ठरते. उग्र वासाची मार्करं आणि स्प्रे बाद.

किती लागेल

अंदाजाने मागितलं की कागदाचा ढीग साचतो आणि डिंक महिन्यात संपतो. म्हणून हिशेब करा. समजा ८ मुलं, आठवड्याला कलेचे २ तास, वर्षाला ३६ आठवडे: ८ × २ × ३६ म्हणजे ५७६ कागद. यात फाटणारे, चुरगळणारे, खाल्ले जाणारे पाव पट धरा, ७२० झाले. १००च्या आठ गड्ड्या. ब्रश मात्र मुलांच्या संख्येच्या दुप्पट, कारण चावलेले ब्रश फार टिकत नाहीत. कात्र्या आणि टेकू वर्षानुवर्षे टिकतात, ते एकदाच मागायचे. हे आकडे लिहिलेला कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवला की ‘बघू’ हे उत्तर सहसा येत नाही.

कुणाकडे काय मागायचं

सरसकट ‘मदत करा’ म्हटलं की पुन्हा तीच स्केचपेनं येतात. प्रत्येकाकडे त्याच्या कामातून उरणारं सामान मागा. छापखान्यात कार्डाच्या कापून उरलेल्या पट्ट्या असतात. फ्रेम करणाऱ्याकडे माउंट बोर्डाचे तुकडे, शिंप्याकडे चिंध्या आणि वेल्क्रो, सतरंज्या-गालिचे विकणाऱ्याकडे जुन्या नमुन्यांची पुस्तकं, ज्यांचे वेगवेगळे पोत स्पर्शाच्या कामाला लागतात. सुताराकडून लाकडाचे ठोकळे मिळतील, पण घासून गुळगुळीत केलेले, आणि रसायन लावलेलं लाकूड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नको.

पत्र छोटं आणि नेमकं लिहा. नमुना असा:

‘नमस्कार. आमच्या वर्गात ८ विशेष मुलं आहेत आणि ती कात्रीने कापायला शिकत आहेत. पातळ कागद त्यांच्या कात्रीत अडकतो, जाड कार्ड सहज कापलं जातं. आपल्याकडे कापून उरणाऱ्या कार्डाच्या पट्ट्या, लांबी किमान १५ सेंमी, रुंदी १ ते ५ सेंमी, आम्हाला हव्या आहेत. एका बाजूला छपाई असली तरी चालेल, पिना नकोत. महिन्याला एक खोकं पुरेल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही स्वतः येऊन नेऊ.’

या पत्रात दया मागितलेली नाही. देणाऱ्याने काय, किती आणि कधी द्यायचं हे ठरलेलं आहे, आणि त्याला फारसे कष्ट नाहीत.

संस्थेकडे किंवा कंपनीच्या निधीसाठी अर्ज करताना भाषा वेगळी लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात कलम ३० आहे. अपंग व्यक्तींना आपली सर्जनशील, कलात्मक आणि बौद्धिक क्षमता विकसित करण्याची संधी मिळावी, फक्त त्यांच्यासाठी नाही तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनही, असं त्यात म्हटलं आहे. मुलांच्या हक्कांच्या १९८९च्या कराराचं कलम ३१ कलेत सहभागी होण्याचा हक्क देतं. अर्जात हे एका ओळीत लिहा आणि लगेच यादीवर या. मोठे शब्द एका ओळीहून जास्त झाले की वाचणारा कंटाळतो.

पालकांकडे मागताना सर्वांना सारखं मागू नका. ज्यांच्यावर आधीच औषधोपचाराचा खर्च आहे त्यांना रिकामे झाकणाचे डबे, जुने शर्ट, स्वच्छ धुतलेल्या बाटल्या सांगा. ॲप्रनपेक्षा मागून बटणं लावलेला मोठ्यांचा जुना शर्ट मला केव्हाही बरा वाटतो. बाह्या झाकतो, आणि डोक्यातून घालावा लागत नाही. काही मुलांना तोंडावरून कपडा गेलेला सहन होत नाही.

आलेलं सामान

खोकं मुलांसमोर उघडू नका. आधी टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याची चाचणी, लेबलं, वास, धारदार कडा. औषधांच्या बाटल्या, शेंगदाणे किंवा दूध यांचे अंश राहिलेले डबे, थर्मोकोलचे दाणे लगेच बाहेर काढा. नको असलेलं परत द्यायला संकोच वाटत असेल तर शेजारच्या शाळेला द्या, पण कपाटात ठेवू नका.

ठेवताना डब्यावर वस्तूचा खरा फोटो चिकटवा, शब्द त्याखाली. बोलू न शकणारं मूल फोटोकडे बोट दाखवून हवी ती वस्तू मागू शकतं. प्रत्येक मुलाची पकड लावलेली साधनं वेगळ्या पाउचमध्ये, त्याच्या फोटोसह. डिंक आणि रंगाच्या बाटल्यांवर तळापासून एक तृतीयांश उंचीवर टेपची रेघ मारा. पातळी तिथवर उतरली की मदतनिसाने न विचारता मागणीच्या वहीत नोंद करायची.

आभार मानताना मुलांचे चेहरे पाठवू नका. पालकांची लेखी संमती नसेल तर फोटोत फक्त काम आणि हात, आणि निदान कधीच नाही. छापखान्याला त्याच्याच पट्ट्यांचं एखादं चित्र पाठवलं तर पुढचं खोकं बहुधा आठवण न करता येतं.

तीन-चार महिन्यांनी सुरुवातीची ती अर्धी पानं परत भरा. फोमची पकड पातळ करता येईल का, चार भोकांची कात्री सोडून वळ्याची चालेल का, पाउचमधला रंग आता थेट कागदावर नेता येईल का. ज्याला जाड पकडीची गरज उरली नाही त्याची नळी ब्रशावरून काढा, साबणाने धुऊन वाळवा आणि दुसऱ्या मुलाच्या पाउचमध्ये घाला.